लाकडी कुंपणाला तेल द्यायला कोणता पंप घ्यावा?



कुंपणाच्या विषयावर आपण कार्यक्रमात बोललो, त्यानंतर बरीच पत्रे आली. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे. बदलापूरजवळच्या गावचे एक भाऊ लिहितात, "उल्हासनगरला फर्निचरच्या बाजारात गेलो होतो. तिथं कारागीर बंदुकीनं कपाटाला पॉलिश मारत होता. बघता बघता कपाट चकाचक. आमच्या वावराला दोनशे फूट फळ्यांचं कुंपण आहे. तसली बंदूक घेतली तर पावसाआधी सगळं उरकंल का? का आपला पाठीवरचा पंपच चालंल?"

प्रश्न रास्त आहे. आगोटीच्या दिवसांत हाताला वेळ नसतो, मजूर मिळत नाही, आणि मिळाला तर रोज परवडत नाही. म्हणून उत्तर आधीच सांगतो आणि कारणे मागाहून देतो. कपाटाची बंदूक नको आणि पिकाचा पंप तर मुळीच नको. पाच ते आठ लिटरचा, झाकणातल्या दांड्याने हवा भरायचा वेगळा हातपंप घ्यावा. त्याला सपाट फवाऱ्याचे नोझल लावावे आणि दुसऱ्या माणसाच्या हाती चार इंची ब्रश द्यावा. दोनशे फूट कुंपणाला एवढे पुरते.

आपल्याकडचे लाकूड आणि आपला पाऊस

अंबरनाथपासून बदलापूर-वांगणीपर्यंत पूर्वी कुंपण म्हणजे शेराची, निवडुंगाची नाहीतर काट्याकुट्यांची वई. फार झाले तर दगडी गडगा. आता कारखान्यांत यंत्रसामान ज्या खोक्यांतून येते, त्या खोक्यांच्या फळ्या भंगारात स्वस्त मिळतात. सुतार त्याला सरसकट देवदार म्हणतो, पण बहुधा ते पाइन जातीचे मऊ लाकूड असते. खांब कुठे सागाचे, कुठे ऐनाचे, कुठे निलगिरीचे. अशी मिसळ झालेली असते.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लाकडात शेकडा वीसहून अधिक ओल टिकून राहिली की कुजवणारी बुरशी कामाला लागते. पाऊस सरला की पाठोपाठ वाळवी. सागाच्या गाभ्याचे लाकूड हे दोन्ही बराच काळ सोसते. त्याच सागाचे सालीलगतचे पांढरे लाकूड सोसत नाही, आणि खोक्याची फळी तर नाहीच नाही. मऊ लाकडाची एक जमेची बाजू आहे. ते तेल भरपूर पिते. तेव्हा पाजावे, पण ते कोरडे असताना.

ज्यांचे वावर अगदी उल्हास नदीच्या काठाला आहे त्यांना मात्र फळ्यांच्या कुंपणावर पैसे घालू नका असेच सांगेन. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेही पाहिले. तसल्या पाण्यापुढे तेल दिलेले आणि न दिलेले कुंपण सारखेच. काठाला शेर किंवा बांबू लावावा. फळ्या वरच्या अंगाला, घराकडे, भाजीच्या तुकड्याला आणि जांभळाच्या नव्या कलमांभोवती वापराव्यात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण गुरांना त्याचे काय! कोवळी पालवी दिसली की ती तोंड घालणारच.

आधी खांबाचा पाय

पंपाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट. कुंपण पडते ते वरून नव्हे. जमिनीच्या रेषेशी, वीतभर खाली-वर, खांब कुजतो आणि मग सगळी रांग एका म्हशीच्या धक्क्याने आडवी होते. त्या जागी कोणताही पंप पोहोचत नाही. खांब पुरल्यावर वरून कितीही फवारा, पाय कोरडाच राहतो आणि वाळवी मातीतून आतल्या आत चढते.

अंबरनाथला १९२० च्या दशकात विमको कंपनीचा काडेपेटीचा कारखाना उभा राहिला. जुन्या माणसांना तो चांगला आठवतो. काडेपेटीच्या धंद्यात आपल्याकडे सावरीसारखे मऊ लाकूड वापरत आणि काडीचे टोक मेणात बुडवून घेत, म्हणजे ज्योत गुलापासून काडीपर्यंत नीट येते. बुडवत, फवारत नसत. खांबाच्या पायालाही हाच न्याय लावावा. वाळलेला खांब पिंपात उभा करावा, जमिनीत जाणारा भाग आणि त्याच्या वर वीतभर एवढा तेलात बुडेल असा. दोन दिवस राहू द्यावा. वरचे कापलेले टोकही उलटे करून तासभर बुडवावे, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात आणि पावसाचे पाणी तिथूनच उतरते. टोक तिरके तासले तर अधिक बरे.

पिंप कोठून आणता ते मात्र बघा. कारखान्यांच्या भागात भंगारवाल्याकडे रसायनांची रिकामी पिंपे मिळतात. आत काय होते ते कळत नसेल तर ते पिंप घेऊ नये. तेलासाठी वापरलेले पिंप पुढे पाण्याला, धान्याला, गुरांच्या आंबोणाला कधीही वापरू नये.

काही जण खांबाचा पाय विस्तवावर भाजून काळा करतात. पद्धत जुनी आहे, पण कोळसा वरवरचा होतो आणि भाजताना भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत जाते. भाजायचेच असेल तर भाजून, खरवडून, मग तेलात बुडवावे.

काय फवारणार, त्यावर पंप ठरतो

दुकानात गेल्यावर आपण आधी पंप पाहतो आणि मग त्यात काय घालायचे ते विचारतो. हे उलटे आहे. पातळ तेलाला एक पंप, घट्ट रंगाला दुसरा, आणि काही गोष्टी तर फवारायच्याच नाहीत.

अळशीचे पक्के तेल, म्हणजे रंगाच्या दुकानात डबल बॉईल म्हणून मिळते ते, पहिल्या हाताला बरोबरीचे टर्पेंटाइन घालून पातळ करावे. दुसऱ्या हाताला दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. हे तेल घरी चुलीवर उकळू नये, पेट घेते. अळशीच्या तेलाचा एक दोष सांगायलाच हवा. आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. कुंपण काळवंडते, पण पाणी अडवण्याचे काम चालू राहते. काळे नको असेल तर बुरशीनाशक घातलेले तयार लाकूड-संरक्षक घ्यावे. हल्ली पाण्यात मिसळणारेही मिळते. डब्यावर फळीच्या कुंपणासाठी, बाहेरच्या कामासाठी असे लिहिलेले आहे ना, ते दुकानदाराकडून वाचून घ्यावे.

काजूच्या टरफलांचे तेल कोकणात होड्यांना आणि घराच्या लाकडांना फार पूर्वीपासून लावतात. वाळवीला ते मानवते असे म्हणायला जागा नाही. पण कातडीला लागले तर फोड येतात. म्हणून ते हातमोजे घालून ब्रशनेच लावावे, फवारू नये. त्याची वाफ डोळ्यांत आणि छातीत गेली तर काय होईल याची कल्पना करा. डांबरी तेलाचेही तेच.

जळके ऑइल पुष्कळ जण वापरतात, कारण गॅरेजमध्ये फुकटात मिळते. त्यात इंजिनाची झिजलेली धातू आणि जळालेली घाण असते. विहिरीजवळ, भाजीच्या मांडवाला, गुरे चाटतात अशा ठिकाणी ते लावू नये, आणि फवारू तर नयेच. उल्हास नदीचे पाणी खाली बदलापूर, उल्हासनगर, कल्याण या शहरांची माणसे पितात. आपल्या ओढ्यातून गेलेले तेल तिकडेच जाते.

आणखी एक औषध जुन्या माणसांच्या तोंडी असते, ते तांबे, क्रोमियम आणि सोमलाच्या मिश्रणाचे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३० च्या दशकात ते काढले आणि जगभर तारांचे खांब त्याने टिकवले. पण ते कारखान्यात बंद टाकीत दाबाने लाकडाच्या आत भरायचे औषध आहे. त्यात सोमल आहे. शेतावर त्याचा फवारा मारण्याचा विचारही करू नये.

आता पंप

पिकाचा पंप आणि रंगाचा पंप ही खरे तर एकाच दशकातली भावंडे. फ्रान्समध्ये १८८५ साली द्राक्षाच्या रोगावर मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण आले आणि ते वेलीवर मारायला पाठीवरचे पंप निघाले. तिकडे अमेरिकेत शिकागोला १८८७ साली एका मोठ्या दुकानाच्या तळघराला चुना मारायचे काम जोसेफ बिंक्स नावाच्या माणसाकडे होते. त्याने हातपंपाला नळी लावून चुना फवारला. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या इमारती वेळेत पांढऱ्या करायला फवाराच कामी आला. भावंडे खरी, पण ताटे वेगळी ठेवायची.

पत्रातल्या भाऊंनी पाहिलेली बंदूक हवेच्या कॉम्प्रेसरवर चालते. जोराची हवा पॉलिशचे धुके करते. कपाटाची बाजू सपाट, जागा बंदिस्त, आणि थर हवा कागदासारखा पातळ. तिथे बंदूक शोभते. कुंपणाला काय होते ते पाहा. अर्धे धुके फटीतून पलीकडे जाते, उरलेल्यातले वारा नेतो. साध्या बंदुकीत निम्म्याहून अधिक माल वाया जातो असाच हिशेब धरावा. कमी दाबाची, जास्त हवेची विजेवरची छोटी बंदूक मिळते, तिचा अपव्यय कमी आहे. पण तिचे भांडे लिटरभराचे, आणि वायर वावरात कुठवर ओढणार? शिवाय धुके केलेले तेल लाकडाच्या वर बसते, आत मुरत नाही. आपल्याला चमक नको, मुरवण हवी.

आकडा मांडून पाहू. कुंपण दोनशे फूट लांब, चार फूट उंच. फटी वजा जाता दोन्ही बाजू मिळून सुमारे दीड हजार चौरस फूट. खरबरीत कोरडी फळी पहिल्या हाताला लिटरमागे पन्नास-साठ चौरस फुटांपेक्षा जास्त पुढे जाऊ देत नाही. म्हणजे पंचवीस ते तीस लिटर लागेल, आणि दुसऱ्या हाताला साधारण त्याच्या निम्मे. बंदुकीने मारले तर पहिल्याच हाताला पन्नास-साठ लिटर. वाचलेली मजुरी डब्यात गेली की हो!

शहरात ठेकेदार वापरतात तो बिनहवेचा यंत्रपंप निराळा. तो रंगच प्रचंड दाबाने ढकलतो, दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोहून अधिक. हजारो फुटांचे कुंपण असेल तर माणसासकट भाड्याने आणावा. स्वतः हाती घेऊ नये. त्याच्या टोकाशी बोट गेले तर रंग कातडीतून आत घुसतो. दिसायला सुईएवढे भोक दिसते, दुखतही फार नाही, आणि माणूस हळद लावून घरी बसतो. बोट गमवावे लागते. असे झाले तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जावे आणि काय टोचले ते सांगावे.

पायपंपाला दोन माणसे लागतात आणि त्याचा दाब आंब्याच्या शेंड्यापर्यंत जाण्यासाठी आहे. चार फुटी कुंपणाला तो जास्तच.

बॅटरीचा पंप सोयीचा वाटतो, पण त्याच्या आत मोटर आहे आणि मोटरीत ठिणगी होते. टर्पेंटाइन किंवा रॉकेल घातलेले तेल त्यात ओतू नये. पाण्यात मिसळणारे संरक्षक असेल तर चालेल, पण पंप त्याच कामाला ठेवावा.

राहिला हवा भरायचा हातपंप. त्याचा दाब एक-दोन किलोचा, फवारा जाड थेंबांचा. तेल फळीवर बसते, ओघळते, मुरते. घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. वायसर तेल आणि टर्पेंटाइनला टिकणारे आहेत का? सपाट, पंख्यासारखा फवारा देणारे नोझल येते का? दांड्यातली गाळणी काढून धुता येते का? झाकणाला हवा सोडायची कळ असावी. ही चार लक्षणे नसतील तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

पिकाचा पंप का नको

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण चूक इथेच होते. "एका कामापुरता वापरला, धुऊन टाकला," असे आपण म्हणतो.

एका शेतकरी दादांनी असेच केले. पाठीवरच्या पंपात तेल-रॉकेल घालून कुंपण फवारले. काम झकास झाले. पंप साबणाने दोनदा धुतला. आठ दिवसांनी वांग्याला कीडनाशक मारले, तर तिसऱ्या दिवशी पानांवर डाग, कडा करपलेल्या. टाकीच्या कोपऱ्यांत, नळीत, दांड्यात राहिलेले तेल पाण्याने निघत नाही. घरातून वहिनी म्हणाल्या, "कुंपण वाचलं, वांगी गेली."

वांगी तरी पुन्हा लावता येतात. पुढचे जास्त गंभीर आहे. रॉकेल आणि टर्पेंटाइनने साध्या रबराचे वायसर फुगतात आणि मग सैल पडतात. झाकणाशी, दट्ट्याशी गळती सुरू होते. कुंपणाच्या वेळी ती कळत नाही. कळते ती पुढच्या फवारणीत, टाकीत विष असताना, आणि ते पाठीवरून कंबरेपर्यंत ओघळते. घामाने ओली कातडी विष लवकर ओढते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. तिथली कारणे अनेक होती. आपल्या घरी गळका पंप हे एक कारण आपण हाताने तयार करू नये.

उलटही खरे. तणनाशक मारलेला पंप कुंपणाला वापरला तर कुंपणालगतच्या काकडी-कारल्याच्या वेलांवर तणनाशकाचा अंश जातो. वेल पिरगळले की आपण रोग शोधत बसतो.

नव्या हातपंपावर लाल रंगाने ठळक अक्षरांत "लाकूड" असे लिहावे आणि तो औषधांच्या खोलीत ठेवू नये. गडी घाईत हाताला लागेल तो पंप उचलतो, त्याचा दोष नाही.

फवारायचे कसे

फेब्रुवारी ते मेचा मध्य हा आपल्याकडे योग्य काळ. पावसाळ्यानंतर लगेच लाकूड वरून वाळलेले दिसते, आत ओल असते. परीक्षा सोपी आहे. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. पटकन मुरले तर फळी तेल घ्यायला तयार. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर एकतर ती ओली आहे, नाहीतर वर जुन्या रंगाचा थर आहे. रंग असेल तर खरवडावा. शेवाळ तारेच्या ब्रशने काढून फळी चार-पाच दिवस उन्हात वाळू द्यावी.

दव उडाल्यावर सुरू करावे आणि ऊन तापायच्या आत थांबावे. तापलेल्या फळीवर टर्पेंटाइन उडून जाते आणि तेल वरच चिकट राहते. दुपारी समुद्राकडचा वारा सुटतो, तेव्हा तर नकोच. पलीकडे मिरची किंवा भाजी असेल तर फळीमागे जुना पत्रा किंवा गोणपाट धरून एकाने पुढे सरकत राहावे.

नोझल फळीपासून वीतभर अंतरावर धरावे आणि फळीच्या उभ्या रेषेने वरून खाली यावे. फळी ओली, चकचकीत दिसली की पुढे जावे. मागून ब्रशवाल्याने लगेच ओघळ पसरवावेत, भेगांत, खिळ्यांच्या भोकांत आणि जोडांत तेल कोंबावे. या ब्रशाचा कंटाळा करू नये. फवारा फक्त तेल पोहोचवतो, ते लाकडात घालतो तो ब्रश. वीस मिनिटांनी कोरडी दिसेल त्या जागी पुन्हा मारावे. जिथे तेल मुरत नाही तिथे चिंधीने पुसून घ्यावे, नाहीतर चिकटा राहून त्यावर धूळ बसते. दुसरा हात दोन दिवसांनी.

तोंडाला साधा रुमाल पुरत नाही. वाफा अडवणारा मुखवटा, चष्मा, लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत. बिडी लांब ठेवावी. पोरांना आणि गुरांना तेल वाळेपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, कुंपणाशी जाऊ देऊ नये.

काम संपल्यावर आधी पंपातली हवा सोडावी, मग झाकण उघडावे. थोडे टर्पेंटाइन घालून नळीतून, नोझलमधून फवारून काढावे, ते वेगळ्या डब्यात साठवावे आणि पुढच्या वेळी तेल पातळ करायला वापरावे. ओढ्यात किंवा विहिरीच्या थारोळ्यात ओतू नये.

शेवटी चिंध्या. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटतात. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडून राहते. गोठ्यातल्या पेंढ्याशेजारी असा बोळा ठेवला तर मध्यरात्री आग. म्हणून प्रत्येक चिंधी झटकून, उलगडून, एकेक करून मोकळ्या जागी दगडावर किंवा तारेवर वाळत घालावी. कडक वाळल्या की मग टाकाव्यात. तोवर ठेवायच्या असतील तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून.